थोरल्या भावाला आतड्याचा कॅन्सर निघाला. मला काहीच त्रास नाही, तरी कोलोनोस्कोपी करू का?

करा. पुढच्या वर्षावर ढकलू नका.

मी डॉक्टर नाही, मानवतला माझं कृषी सेवा केंद्र आहे. पण बाबा याच आजारानं गेले आणि त्यानंतर मी स्वतः ही तपासणी, म्हणजे गुदद्वारातून दुर्बीण घालून मोठं आतडं आतून बघणं, करून घेतली, म्हणून लिहितोय.

तुम्ही म्हणता, भावाला ४८ व्या वर्षी निघाला आणि तुमचं वय ३९. घरात कुणालाच नसेल तर ४५ ला सुरुवात करा, असं अमेरिकेतल्या तज्ज्ञगटानं २०२१ मध्ये सांगितलं. त्याआधी ते ५० म्हणायचे. पण आई-वडील, सख्खी भावंडं किंवा मूल यांच्यापैकी कुणाला झाला असेल तर हिशेब बदलतो. ४० वं वर्ष, किंवा त्या माणसाला ज्या वयात निघाला त्याच्या १० वर्षं आधी, यातलं जे लवकर येईल ते. ४८ मधून १० गेले, राहिले ३८. म्हणजे तुमची वेळ होऊन गेलीय. भावाच्या लेकरांनाही हा ३८ चा आकडा आत्ताच सांगून ठेवा.

आता ‘काहीच त्रास नाही’ याबद्दल. आमच्याकडं कापूसवाले बोंडअळीचं बघतात तसं हे आहे. बाहेरून बोंड हिरवंगार दिसतं, म्हणून आम्ही शेतकऱ्याला सांगतो की वीस बोंडं तोडून फोडून बघ, झाडाच्या तोंडाकडं बघू नको. आतड्यात आधी पॉलिप येतो, म्हणजे मांसाचा छोटा कोंब. तो दुखत नाही, खुपत नाही. सगळेच पॉलिप बिघडत नाहीत, पण जो बिघडतो त्याला कॅन्सर व्हायला साधारण दहाएक वर्षं लागतात. तेवढ्या काळात तो दिसला तर दुर्बिणीतूनच तारेच्या फासानं काढून टाकतात. म्हणजे या तपासणीत कॅन्सर नुसता सापडतो असं नाही, होण्याआधीच टळूही शकतो.

बाबांच्या बाबतीत ही वेळ आम्ही मूळव्याधीत घालवली. संडासला रक्त पडायचं. सगळे म्हणाले मूळव्याध, आणि गंमत म्हणजे मूळव्याध खरंच होती! पण ती आहे म्हणून वर दुसरं काही नाही, असं होत नसतं. एका दवाखान्यात चौदा महिने पुड्या खाल्ल्या, तिथं एकदाही कुणी आतून तपासलं नाही. दोष एकट्या त्यांचाच कशाला द्यायचा? बाबा या विषयावर माझ्याशी बोलायचेच नाहीत. आईला माहीत होतं, तिनं झाकून नेलं. शेवटी जिना चढताना दम लागायला लागला, हिमोग्लोबिन ६.८ आलं, तेव्हा कुठं दुर्बीण घातली. आयुष्यभर ज्वारीची भाकरी खाणारा माणूस, त्याला कसा होईल, हेच आम्ही म्हणत होतो. भाकरीतल्या चोथ्यानं धोका कमी होतो, संपत नाही. आणि बिडी होतीच.

सरकारी तपासणीत ३० वर्षांपुढच्यांसाठी तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख हे तीन कॅन्सर धरलेत. आतडं त्यात नाही. त्यामुळं आशाताई घरी येऊन आठवण करून देतील याची वाट बघू नका, तुम्हालाच पोटविकारतज्ज्ञाकडं जावं लागेल. जाताना भावाचा बायोप्सीचा कागद न्या. घरातल्या बायकांपैकी कुणाला गर्भाशयाचा कॅन्सर झाला असेल तर तेही सांगा. लिंच सिंड्रोम नावाच्या आनुवंशिक दोषात हे दोन्ही एकाच घरात दिसतात, आणि तसं असेल तर तपासण्या फार लवकर आणि वारंवार कराव्या लागतात.

कुणी म्हणेल, आधी शौचाची फिट तपासणी करून बघा. न दिसणारं रक्त शोधणारी ती चांगली तपासणी आहे, दरवर्षी करायची असते. पण ती ज्यांच्या घरात कुणाला नाही त्यांना ठीक. सख्ख्या भावाला पन्नाशीच्या आत निघालाय, तर सरळ दुर्बीणच.

प्रत्यक्ष तपासणीचं काही वाटत नाही, गुंगीचं इंजेक्शन देतात. मला जाग आली तेव्हा ‘सुरू कधी करणार’ असं विचारलं होतं. माझा एक पॉलिप निघाला, ८ मिलिमीटरचा. पाच वर्षांनी परत बोलावलंय.

खरी कसोटी आदल्या रात्री असते. पावडर घातलेलं दोन लिटर पाणी प्यायचं, चव खारट-गुळचट, आणि मग संडास नि आपण. आदल्या दिवसापासून भाकरी, शेंगदाण्याची चटणी, बियांची भाजी सगळं बंद. बीट किंवा लाल सरबत नको, आत रक्तासारखं दिसतं. शुगरच्या किंवा रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर आधी डॉक्टरांना विचारा. सोबत एक माणूस न्या, त्या दिवशी गाडी चालवायची नसते.

आणि मी करणार होतो ती चूक करू नका. सकाळची वेळ संभाजीनगरची होती, मी म्हटलं रात्री पावडर पिऊन पहाटेची एसटी पकडू. मावशीनं फोनवर शिव्या घातल्या. मुक्कामाला आदल्या दिवशीच तिच्याकडं गेलो. उन्हाळ्यात करणार असाल तर तिथं नळ कधी येतो तेवढं आधी विचारून घ्या.