मोटर तापते, रिले ट्रिप होतो

प्रश्न: आमची १० एचपीची थ्री फेज मोटर अर्ध्या तासात तापून ओव्हरलोड रिलेवर (करंट जास्त झाला की मोटर बंद करणारा) ट्रिप होते. वायंडर म्हणतो रिवाइंडिंग (आतल्या वाइंडिंगची तार नव्याने गुंडाळणं) करा. करू का?

उत्तर: थांबा हो, लगेच खर्च कशाला! आधी क्लॅम्प मीटरने (वायरीभोवती अडकवून करंट मोजणारा) तिन्ही फेजचा करंट बघा, एकाच फेजला जास्त दिसला तर मेन बंद करून स्टार्टरमधून मोटरकडे जाणाऱ्या तिन्ही वायरी एकेक घर (टर्मिनल) पुढे सरकवा (दोनच बदलल्या तर मोटर उलटी फिरेल) आणि परत मोजा. जास्तीचा करंट सप्लायच्या त्याच फेजवर राहिला तर दोष लाइनचा, बहुतेक काँटॅक्टरचे (स्टार्टरमधला मोटर चालू-बंद करणारा स्विच) पॉइंट जळलेत नाहीतर लग (वायरीच्या टोकाचा जोड) ढिला आहे, आणि वाइंडिंगबरोबर सरकला तर वायंडर खरं बोलतोय. व्होल्टेजमधला १ टक्का असमतोलही करंटमध्ये ६ ते १० टक्के होऊन दिसतो. तिन्हीकडे सारखाच जास्त असेल तर बेअरिंग, बेल्ट, लोड तपासा.