बावन्नाव्या वर्षी सोलापुरातून डब्ल्यूआरसी मास्टर्स कपमध्ये उतरता येईल का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: वय ५२, सोलापुरात ट्रान्सपोर्टचा धंदा, तीस वर्षं हातात स्टिअरिंग, भाचा शेजारी बसून नोट्स (पुढच्या वळणांची टिपणं) वाचायला तयार, आणि पन्नाशीपुढच्या चालकांच्या जागतिक रॅली मालिकेत, म्हणजे डब्ल्यूआरसी मास्टर्स कपमध्ये, एक अख्खा मोसम करायचाय. बीपीची गोळी चालू आहे हे तुम्ही शेवटच्या ओळीत जाता जाता लिहिलंय. मी सुरुवात तिथूनच करतो, कारण तुमचं घोडं अडलं तर पहिल्यांदा तिथेच अडेल.

जागतिक उत्तेजकविरोधी यादीनुसार मोटार स्पर्धांत बीटा-ब्लॉकर गटातली औषधं स्पर्धेच्या काळात बंद आहेत. मेटोप्रोलॉल, अ‍ॅटेनोलॉल ही त्यातलीच. हात थरथरत नाहीत, ठोके संथ राहतात, म्हणून नेमबाजीप्रमाणे इथेही बंदी. दुसरा सापळा जास्त फसवा आहे. आपल्याकडे बीपीच्या जोडगोळ्या सर्रास देतात आणि ज्यांच्या नावापुढे ‘एच’ असतं त्यात बहुधा लघवी वाढवणारं हायड्रोक्लोरोथायाझाइड असतं. ते स्पर्धा असो-नसो, बाराही महिने निषिद्ध. काचबिंदूसाठी टिमोलॉलचे थेंब घालत असाल तर तेही बीटा-ब्लॉकरच. साखरेसाठी मेटफॉर्मिन चालतं, इन्सुलिनला मात्र आधी लेखी सूट घ्यावी लागते. पट्टी घेऊन डॉक्टरांकडे जा, प्रत्येक घटकाचं नाव यादीशी ताडून बघा आणि पर्याय विचारा. गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नका. बीटा-ब्लॉकर एकदम सोडलं की बीपी आणि ठोके उसळतात.

मग वैद्यकीय दाखला. एफआयए या मोटार स्पर्धांच्या जागतिक संघटनेच्या नियमाने ४५ वर्षांपुढच्या चालकाला किमान दर दोन वर्षांनी श्रमासह ईसीजी लागतो, म्हणजे आपली टीएमटी. ती सोलापुरात सहज होते. नजर चष्म्यासह दोन्ही डोळ्यांना ९/१० किंवा एकाला ८/१० आणि दुसऱ्याला १०/१० हवी. शिवाय रंग नीट ओळखता आले पाहिजेत.

चष्म्याचं वेगळं सांगतो. प्रोग्रेसिव्ह काच हेल्मेटमध्ये घात करते. खड्ड्यात गाडी आपटली की डोकं हलतं, नजर काचेच्या खालच्या भागातून जाते आणि रस्ता क्षणभर धूसर होतो. चालकाने फक्त लांबच्या नंबरचा, न फुटणाऱ्या काचेचा चष्मा घालावा. काड्या सरळ आणि बारीक हव्यात, नाहीतर हेल्मेटच्या गादीखाली कानशिलं तासाभरात ठणकतात. डॅशवरचे आकडे जवळून दिसत नाहीत म्हणून घाबरू नका, ते वाचणं हे काम शेजारच्याचं आहे.

आता कपाबद्दल. ही वेगळी शर्यत नाही. जागतिक रॅली अजिंक्यपद मालिकेच्याच (डब्ल्यूआरसी) फेऱ्या, तेच रस्ते, तेच घड्याळ. फक्त नाव नोंदवलेल्या ५० वर्षांपुढच्या चालकांची गुणतालिका वेगळी. २०२२ साली ती डब्ल्यूआरसी-२ या मुख्य गटाखालच्या गटापुरती होती, २०२३ पासून खालच्या गटांनाही खुली झाली. रॅली-२ पासून रॅली-५ पर्यंतच्या गाड्या चालतात; आकडा वाढेल तशी गाडी साधी आणि कमी ताकदीची. वय मोजतात १ जानेवारीला. सहचालकाच्या वयाबद्दल त्या वर्षीच्या नियमावलीत काय छापलंय ते भाच्याचं नाव टाकण्याआधी वाचा. वय आडवं येत नाही याचा पुरावा हवा असेल तर ब्यॉर्न वाल्डेगार्ड १९९० साली ४६ व्या वर्षी केनियातली सफारी रॅली जिंकून या मालिकेतला सर्वात वयस्क विजेता ठरला, सेबास्तियन लोएबने २०२२ ची मॉन्टे कार्लो ४७ व्या वर्षी जिंकून तो विक्रम मोडला आणि कार्लोस साइन्झ २०२४ ची डाकार जिंकला तेव्हा ६१ वर्षांचा होता. पण ही सगळी मंडळी तरुणपणापासून यातच मुरलेली आहेत. ट्रक चालवण्याची तीस वर्षं या हिशेबात धरू नका. सहनशक्ती आणि यंत्राची जाण एवढंच त्यातलं उपयोगी पडतं.

परवाना देते एफएमएससीआय, चेन्नईतली आपली राष्ट्रीय संस्था. आधी देशी परवाना, काही रॅली शेवटापर्यंत पूर्ण केल्याची नोंद, मग आंतरराष्ट्रीय दर्जा, आणि परदेशात उतरायला तिचंच परवानगीपत्र. चेन्नई, कोईमतूर, चिकमगळूर, नाशिक इकडे होणाऱ्या रॅलींचं वर्षाचं वेळापत्रक बघून निदान एक मोसम देशातच काढा. त्याही आधी दोन-तीन टीएसडी (वेळ-वेग-अंतर) रॅली करा. त्यात वेगाची नाही, ठरवून दिलेल्या सरासरीची परीक्षा असते, आणि भाच्याला घड्याळ व रोडबुक (मार्गाची पुस्तिका) सांभाळता येतं की नाही ते स्वस्तात कळतं.

खरी गोम नोट्समध्ये आहे. डब्ल्यूआरसीत रेकीला, म्हणजे स्पर्धेआधीच्या रस्ता-पाहणीला, प्रत्येक टप्प्यावरून (जिथे वेळ मोजतात त्या बंद रस्त्यावरून) दोनदाच जाता येतं, तेही वेगमर्यादेत आणि जीपीएसच्या नजरेखाली. पहिल्या फेरीत चालकाने बोलायचं, सहचालकाने लिहायचं; दुसऱ्या फेरीत सहचालकाने वाचायचं, चालकाने दुरुस्त करायचं. तिसरी फेरी थेट स्पर्धेची. म्हणून लिहिण्याची सवय इथेच लागली पाहिजे. स्टिअरिंगच्या माथ्यावर रंगीत टेप लावा. वळण घेताना टेप किती फिरली यावरून १ ते ६ आकडे ठरवा: जेमतेम फिरली तर ६, पाव चक्कर फिरली तर साधारण ३, हात अडखळेपर्यंत फिरली तर १. आकडा वेगावरून ठरवू नका. मुरूम ओला असला की वेग बदलतो, वळणाचा कोन बदलत नाही.

सरावाला तुळजापूरचा घाट बरा आहे, पण रहदारीच्या कायदेशीर वेगात आणि पहाटे. दोन फेऱ्यांत नोट्स लिहा, तिसऱ्यांदा डॅशकॅम लावून जा. चार दिवसांनी घरी बसून त्या चित्रफितीवर भाच्याला नोट्स वाचायला सांगा. कुठे उशीर झाला, कुठे दोन वळणं एकत्र गिळली, सगळं उघडं पडतं. हॅशटॅगसाठी घाटात गाडी पळवणाऱ्यांच्या नादी लागू नका. वेगाचा सराव कुणाच्या तरी खासगी शेतातल्या मुरुमाच्या वाटेवर, परवानगीने.

नोट्स मराठीत की इंग्रजीत? मराठीत खुशाल लिहा. ‘डावा’ आणि ‘उजवा’ हे शब्द कानाला एकमेकांपासून इतके वेगळे आहेत की गोंधळ होत नाही. अडचण अंकांची आहे. इंटरकॉममध्ये, गिअरच्या कर्कश आवाजात ‘सात’, ‘साठ’ आणि ‘आठ’ सारखेच वाटतात. वळणांना सहाच्या पुढे जाऊ नका आणि अंतरात साठऐवजी पन्नास किंवा सत्तर लिहा. ‘खडक आत’ आणि ‘खडक बाहेर’ (वळणाच्या आतल्या किंवा बाहेरच्या कडेला) यांना एकेका अक्षराची खूण ठरवा. पेन्सिल २बी, अक्षर मोठं, पानावर सहा-सात ओळीच. पेन नको, दुरुस्ती करता येत नाही आणि घामाने शाई पसरते.

अनुभवी रस्ताचालकांची ठरलेली चूक म्हणजे नोट्स ऐकायच्या आणि तरी डोळ्यांवरच विश्वास ठेवायचा. परिणाम असा की प्रत्येक उंचवट्यावर पाय उचलला जातो आणि एका किलोमीटरला दोन-तीन सेकंद सहज जातात. उलट चूकही होते: पहिल्या दिवशी आकडे आशावादी लिहायचे. चुकायचंच असेल तर वळण एका आकड्याने कडक लिहून चुका.

वेळेच्या चौकीवर ठरलेल्या मिनिटाला वेळ नोंदवायचं कार्ड द्यायचं असतं, आणि तिचा नियम आपल्याकडच्या माणसाला उलटा वाटतो. नियोजित मिनिट १०:२५ असेल आणि १०:२७ ला कार्ड दिलं तर दंड २० सेकंद. १०:२३ ला दिलं तर दंड २ मिनिटं. लवकर जाण्याची शिक्षा उशिरापेक्षा सहापट! चौकीच्या हद्दीत त्या मिनिटाच्या आधीच्या मिनिटात शिरता येतं, त्यापूर्वी नाही. पिवळ्या पाटीच्या अलीकडे थांबून घड्याळ बघणं, हे भाच्याचं काम.

गाडी इथून नेण्याचा विचार सोडा. जहाज, कार्नेट (गाडी तात्पुरती परदेशी नेण्याचा सीमाशुल्काचा कागद), सुटे भाग यातच मोसम संपेल. युरोपातल्या संघाकडून मेकॅनिकसह भाड्याने घ्या. माझं मत रॅली-३ च्या बाजूने आहे. छोटं टर्बो इंजिन, चारही चाकांना ताकद, मातीवर चुकीला माफी. रॅली-२ वेगवान खरी, पण तिचा वेग वापरण्याइतक्या नोट्स तुमच्याकडे पहिल्या वर्षी नसतील. रॅली-४ ला पुढच्याच चाकांना ताकद असते, त्यामुळे तोच टप्पा दुसऱ्यांदा चालवताना खोल झालेल्या चाकोऱ्यांत ती अडखळते.

भाड्याचा आकडा ऐकून हुरळू नका, कागदावर विचारा: चाचणीचे किती किलोमीटर धरलेत, टायर किती, इंधन कुणाचं, रेकीची गाडी धरली आहे का, प्रवेश शुल्क कुणी भरायचं, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे अपघात झाल्यास नुकसानीचा पहिला किती हिस्सा तुमच्या खिशातून जाणार. लोकांची फसगत या शेवटच्या ओळीत होते. हेल्मेट आणि सूट मात्र स्वतःचे घ्या, भाड्याचे मापात बसत नाहीत. हेल्मेटवर ८८५९-२०१५, हॅन्सवर (मान सांभाळणाऱ्या खांद्यावरच्या चौकटीवर) ८८५८, सूट, आतले कपडे, मोजे आणि बालाक्लावावर (हेल्मेटखालच्या तोंडझाक टोपीवर) ८८५६-२०१८ ही एफआयएच्या मानकांची लेबलं शिवलेली किंवा चिकटवलेली दिसली पाहिजेत. लेबल फाटलं की तपासणीत वस्तू बाद.

चाक फुटलं तर? टप्पा पाच-सहा किलोमीटर उरला असेल तर हळू हाकत संपवा, जास्त उरला असेल तर थांबून बदला. सरावात दोघांनी मिळून तीन मिनिटांच्या आत यायला हवं. फुटक्या चाकावर जोर केला की रबराच्या चिंध्या ब्रेकचा पाइप तोडतात आणि दोन मिनिटांच्या जागी दिवस जातो. गाडी रस्त्यात अडली तर लाल त्रिकोण निदान ५० मीटर मागे, आणि कुणाला लागलं नसेल तर मागून येणाऱ्या गाड्यांना ‘ओके’ फलक. हे विसरलं तर दंड होतो आणि मागचा चालक उगाच थांबतो.

उन्हाच्या बाबतीत तुम्ही इतरांच्या पुढे आहात. एप्रिलचं सोलापूर म्हणजे फुकटचं सराव केंद्र. शरीर उष्णतेला रुळायला दहा ते चौदा दिवस लागतात आणि दोन-तीन आठवड्यांत ती सवय ओसरते, त्यामुळे रॅलीच्या लगेच आधी सराव करा. सूट घालून तासभर बसा, आधी आणि नंतर वजन करा. एक किलो घटलं तर सव्वा ते दीड लिटर पाणी, मीठ-साखरेसह, हळूहळू भरून काढायचं. बीपीची गोळी घेणाऱ्याने हे डॉक्टरांना सांगूनच करावं. मान आणि कंबर यांचा व्यायाम सहा महिने आधीपासून. हेल्मेटसह हॅन्स घालून मान वळते का, तेही बघा.

पूर्ण मोसम पहिल्याच वर्षी नको. एक फेरी निवडा, माझ्या मते पोर्तुगाल. वर वाळूसारखी सैल माती, खाली कठीण पाया. मुरूम ओळखीचा असलेल्याला ती समजते. फिनलंडच्या उड्या पन्नाशीच्या मणक्याला महाग पडतात. सफारीची फेशफेश, म्हणजे पिठासारखी धूळ, इंजिनात जाऊन गाडी बंद पाडते. मॉन्टे कार्लोचा बर्फ तर सोलापुरात शिकताच येत नाही.

कागदांचं शेवटी. चौक्यांमधला रस्ता सार्वजनिक असतो, म्हणून आरटीओचा आंतरराष्ट्रीय वाहन परवाना हवा, तो वर्षभरच चालतो. शेंगेन व्हिसावर कुठल्याही १८० दिवसांत ९० दिवसच राहता येतं. रेकी, चाचणी आणि रॅली धरून एका फेरीला दहा दिवस जातात, तेव्हा पुढे मोसमाचा बेत केलात तर दिवस आधी मोजा. परदेशी पैसे पाठवायची मर्यादा माणशी वर्षाला २.५ लाख डॉलर आहे. संघाला आगाऊ रक्कम कधी द्यायची ते आर्थिक वर्ष बघून ठरवा, आणि टीसीएससाठी (रक्कम पाठवतानाच बँक घेते त्या करासाठी) सीएशी बोलूनच पहिला हप्ता पाठवा.