‘मलंजन’ हा शब्द आला कोठून?

एका वाचकाने विचारले आहे की, अमेरिकेतील अ‍ॅपलाचियन डोंगरांत राहणाऱ्या, युरोपीय, आफ्रिकी आणि थोड्या अमेरिकी आदिवासी अशा मिश्र वंशाच्या ‘मेलंजियन’ लोकांचे नाव ‘मिश्रण’ या अर्थाच्या फ्रेंच ‘मेलांज’वरून आले, की ‘शापित जीव’ या अर्थाच्या तुर्की ‘मेलून जान’वरून, आणि मराठीत या लोकांना ‘संकरित’ म्हटलेले चालेल का.

आधी लेखनाचे पाहू. या नावाचा पहिला स्वर आखूड आणि अस्पष्ट आहे, आघात ‘लं’वर पडतो आणि शेवटचा ‘ज’ आपल्या ‘जाळे’तला नसून ‘जीवन’मधला आहे. म्हणून ‘मलंजन’ हे लेखन मूळ उच्चाराच्या सर्वांत जवळ जाते. मात्र असे लिहिताच एक धोका समोर येतो. देवनागरीत हा शब्द पाहणाऱ्याला ‘मल’ आणि ‘अंजन’ हे दोन संस्कृत शब्द सहज दिसू लागतात, आणि काळसर वर्णाच्या लोकांना दिलेल्या नावाशी ते अर्थानेही जुळल्यासारखे वाटतात. ही व्युत्पत्ती अर्थातच खोटी आहे. पण ध्वनी आणि अर्थ दोन्ही जुळूनही व्युत्पत्ती खोटी असू शकते, हे यावरून ध्यानात येते आणि ‘मलंजन’बाबत पुढे येणाऱ्या प्रत्येक तर्काला हीच कसोटी लावावी लागते.

हे लोक मुख्यतः टेनेसी राज्याच्या हॅनकॉक परगण्यातील न्यूमन्स रिज या डोंगरधारेवर, स्नीडव्हिल व वार्डी या भागांत आणि लगतच्या नैर्ऋत्य व्हर्जिनियात वसले. कॉलिन्स, गिब्सन, गोइन्स, मलिन्स, बंच ही त्यांची नेहमी आढळणारी आडनावे. शब्दाचा सर्वांत जुना ज्ञात लेखी उल्लेख 1813 चा आहे. व्हर्जिनियातील स्टोनी क्रीक येथील बॅप्टिस्ट पंथाच्या ख्रिस्ती मंडळीच्या इतिवृत्तात अशी नोंद आहे की, एका भगिनीने दुसरीविरुद्ध तक्रार केली, कारण पहिलीने ‘त्या मेलंजिनांना’ आसरा दिल्याचे दुसरी बोलून दाखवत होती. या एका ओळीतून बरेच काही कळते. लेखनिकाला शब्दाचा अर्थ सांगावासा वाटला नाही, म्हणजे तो ऐकणाऱ्यांच्या ओळखीचा होता. आणि अशा लोकांना आसरा देणे हा बोल लावण्याचा विषय होता, म्हणजे शब्दाला तेव्हाच हीनतेचा वास होता. 1840 मध्ये टेनेसीतील एका वृत्तपत्राने राजकीय विरोधकाला झोडपण्यासाठी हाच शब्द शिवीसारखा वापरला. नाव शेजाऱ्यांनी ठेवले, त्या लोकांनी स्वतःसाठी घेतले नव्हते. व्युत्पत्ती शोधताना हे विसरून चालत नाही.

‘मेलून जान’ हा तर्क विसाव्या शतकाच्या अखेरीस फार गाजला. मराठी वाचकाला तो चटकन पटण्याजोगा आहे, कारण ‘मेलून’ ज्या अरबी धातूपासून आला त्याच धातूपासून आपली ‘लानत’ आली, आणि ‘जान’ तर आपल्या बोलण्यात रोजचीच आहे. परंतु डोंगरातल्या इंग्रजी बोलणाऱ्या शेजाऱ्यांच्या तोंडी हे तुर्की शब्द कोणत्या वाटेने आले, याचा एकही कागद पुढे येत नाही. काहींनी तर वांग्याच्या ‘मेलोंजेना’ या लॅटिन नावापर्यंत दोर नेला. ते नाव अरबी-फारसीतून मागे जात संस्कृत ‘वातिंगण’पर्यंत, म्हणजे आपल्या वांग्याच्या कुळापर्यंत पोहोचते, प्रवास मोठा रम्य आहे, पण त्याने मलंजनांबद्दल काही सिद्ध होत नाही.

माझ्या मते गांभीर्याने घेण्याजोगे तर्क तीनच. फ्रेंच ‘मेलांज’ अर्थाने नेमका बसतो, म्हणून पुष्कळ अभ्यासक तिकडे झुकतात. मात्र त्यासाठी पुढे केले जाणारे ‘मेलांजों’ हे रूप ‘आम्ही मिसळतो’ असे क्रियापद आहे, आणि त्याचे समूहनाम कसे बनले हे सांगावे लागते. दुसरा तर्क मध्ययुगीन इंग्रजीतील ‘मलेंजिन’ या, कपट या अर्थाच्या, शब्दाचा. ध्वनीच्या दृष्टीने तो सर्वांत सरळ आहे आणि 1813 च्या नोंदीतील तुच्छतेशीही जुळतो.

तिसरा तर्क अंगोलातील किंबुंदू भाषेच्या ‘मलुंगु’चा, आणि तो मनाला सर्वाधिक भिडतो. एकाच जहाजातून आलेला सोबती, असा त्याचा अर्थ. ब्राझीलच्या पोर्तुगीजमध्ये ‘मलुंगो’ हा शब्द गुलाम म्हणून एकत्र आणलेले लोक एकमेकांसाठी वापरत. मॉरिशसला गेलेल्या गिरमिटियांतील, ज्यांत कोकणातले मराठी मजूरही होते, ‘जहाजी भाई’ हे नाते ज्यांना ठाऊक आहे त्यांना या शब्दाचे मोल वेगळे सांगायला नको. 1619 मध्ये व्हर्जिनियाच्या किनाऱ्यावर उतरवलेले आफ्रिकी लोक अंगोलातलेच होते, हेही खरे. अडचण एवढीच की ‘मलुंगु’तला कठोर ‘ग’ मृदू ‘ज’ कसा झाला आणि दोनशे वर्षे तो कोठे टिकला, याचे उत्तर मिळत नाही.

इतके तर्क निघण्याचे कारण भाषेइतकेच कायद्यात आहे. 1834 च्या टेनेसी राज्यघटनेने स्वतंत्र कृष्णवर्णीयांचा मताधिकार काढून घेतला, आणि पुढे हॉकिन्स परगण्यात या कुटुंबांतील काही पुरुषांवर बेकायदा मतदानाचे खटले भरले गेले. अशा वेळी आफ्रिकी वंश नाकारून दिलेले ‘आम्ही पोर्तुगीज’ हे उत्तर म्हणजे मताचे, जमिनीचे आणि लग्नाचे संरक्षण होते. 1943 मध्ये व्हर्जिनियाचे जन्ममृत्यू निबंधक वॉल्टर प्लेकर यांनी परगण्यापरगण्याला आडनावांची यादी धाडली, त्यात ली परगण्यापुढे ‘मुख्यतः टेनेसीचे मलंजन’ असा शेरा होता. यादीतल्यांना श्वेतवर्णीय म्हणून नोंदवू नये, हा त्यामागचा हेतू. 2012 साली प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासात मूळ मानल्या गेलेल्या कुटुंबांत पितृवंश आफ्रिकी व युरोपीय, मातृवंश युरोपीय आणि अमेरिकी आदिवासी वंशाच्या खुणा तुरळक आढळल्या. म्हणजे ज्या आफ्रिकी पूर्वजांचे नाव घेणे सर्वांत धोक्याचे होते, तेच प्रत्यक्षात होते.

म्हणूनच ‘संकरित’ हा शब्द मी वापरू देणार नाही. संकरित बियाणे असते, संकरित गाय असते. आणि माणसांच्या बाबतीत ‘संकर’ म्हटले की अर्जुनाच्या तोंडचा ‘वर्णसंकर’ त्याच्या सगळ्या भयासकट डोकावतो. ‘मिश्रवंशीय’ हा शब्द वस्तुस्थिती सांगतो आणि दूषण देत नाही. ‘मलंजन’ हे नाव मात्र लिहायला हरकत नाही, कारण 1969 मध्ये स्नीडव्हिलला त्यांच्या इतिहासावर खुल्या रंगमंचावर नाटक उभे राहिले तेव्हापासून त्यांच्या वंशजांनी ते हळूहळू आपलेसे केले आहे. ‘टेनेसीतील मलंजन हा मिश्रवंशीय समाज’, असे निःशंकपणे लिहावे.