मुलगी 7 वर्षांची, इंग्रजी माध्यमात आहे. मराठी पुस्तक हातात घेतच नाही. घरी वाचनाची गोडी कशी लावू? (ठाणे)

सध्या तिला वाचायला लावू नका, रोज झोपताना 10-15 मिनिटं तुम्हीच वाचून दाखवा आणि पुस्तक तिला निवडू द्या. घोडबंदर रोडवरच्या आमच्या सोसायटीत मी दर रविवारी मुलांना गोष्टी वाचून दाखवते. तिथे दिसतं ते असं, की इंग्रजी माध्यमातल्या मुलांना मराठी गोष्ट आवडते, पण जोडाक्षरापाशी गाडी अडते. गोष्ट समजते 7 वर्षांच्या मुलाची, वाचता येते 5 वर्षांच्याची, म्हणून कंटाळा. तुम्ही वाचताना ओळीखाली बोट फिरवा. रंगात आल्यावर थांबा, पुढचं एखादं वाक्य ती आपणहून वाचते. चुकली तर लगेच टोकू नका. आणि 'काय शिकलीस?' हा प्रश्न तर नकोच, त्याने गोष्टीचा गृहपाठ होतो.

पुस्तकांवर आधी फार खर्च करू नका:
- स्टोरीवीव्हर (StoryWeaver) या संकेतस्थळावर मराठी चित्रकथा फुकट आहेत. पातळी 1 (सर्वात सोपी) पासून सुरू करा, वय बघू नका.
- 'किशोर' मासिकाचे जुने अंक बालभारतीच्या संकेतस्थळावर मिळतात, पण ते थोडं मोठं झाल्यावर.
- ठाण्याचं मराठी ग्रंथ संग्रहालय 1893 पासूनचं आहे. तिला सोबत न्या, कपाटं चाळू द्या.

मात्र इंग्रजीतही अक्षरं सतत उलटसुलट होत असतील, ओळ सुटत असेल, तर हा गोडीचा प्रश्न नसेल. आधी डोळे तपासा, वर्गशिक्षिकेशी बोला.