बेसाल्ट बारीक होत नाही? आधी जारचा आवाज ऐका

बॉल मिल (गोळे घातलेला जार फिरवून दगड दळणारं यंत्र), २०० मिमी व्यासाचा जार, सगळे २५ मिमीचे पोलादी गोळे, अर्धा जार नमुना, मिनिटाला ११० फेरे आणि आठ तास कोरडं दळण; तरी ७५ मायक्रॉनच्या चाळणीवर बराच माल उरतो, असं तुम्ही लिहिलंय. वेळ वाढवून काही होणार नाही. वेग कमी करा.

वेगाची कमाल मर्यादा काढायला ४२.३ ला (जारचा व्यास वजा गोळ्याचा व्यास, मीटरमध्ये) याच्या वर्गमुळाने भागा. तुमच्या जारसाठी उत्तर येतं मिनिटाला साधारण १०१ फेरे. त्यापुढे गोळे भिंतीला चिकटून नुसते गरगरतात, पडतच नाहीत. ७० ते ७५ फेऱ्यांवर या. आवाजावरूनही कळतं: सलग खळखळाट हवा. जार गप्प झाला तर वेग जास्त किंवा माल जास्त.

तुमच्याकडे मालही जास्तच आहे. गोळ्यांनी जारचा ४०-४५ टक्के भाग भरा आणि नमुना गोळ्यांमधल्या फटी जेमतेम भरतील एवढाच घाला, म्हणजे जारच्या पाचव्या हिश्श्याच्या आत. नाहीतर गोळा गोळ्यावर आपटण्याऐवजी पुडीच्या गादीवर पडतो.

मोठे गोळे खडे फोडतात, बारीक करायला छोटे लागतात. तेवढ्याच वजनात १० मिमीचे गोळे २५ मिमीच्यांपेक्षा साडेपंधरा पट भरतात, म्हणजे घासण्याच्या जागा किती वाढल्या बघा. मात्र गोळा सगळ्यात मोठ्या कणाच्या निदान तिप्पट हवा, म्हणून आधी मोठ्यांनी फोडा, चाळा, मग गोळे बदला.

एक शंका: चाळणीवर उरलेलं खरंच जाड आहे का? कोरडी बारीक पूड गोळा होऊन गुठळ्या धरते आणि चाळणीवर अडकते. चिमूटभर घेऊन पाण्याने धुऊन चाळा. निघून गेली तर तुमचं दळण झालेलंच आहे, उगाच मिल फिरवताय.

याहून वस्त्रगाळ हवं असेल तर ओलं दळण. पोलादाला पाण्याने गंज चढतो, म्हणून आयसोप्रोपिल अल्कोहोल घ्या, लगदा धिरड्याच्या पिठाइतका ठेवा. जार गार झाल्याशिवाय उघडू नका आणि सुकवणं फ्यूम हूडमध्येच (वाफा बाहेर ओढून घेणारं प्रयोगशाळेतलं कपाट), ठिणगीपासून लांब.

आणि हे दळण एक्सआरएफसाठी (क्ष-किरणांनी नमुन्यातली मूलद्रव्यं मोजण्याची पद्धत) असेल, तर पोलादातून लोह येणारच, क्रोमियमच्या मिश्रधातूचे गोळे असतील तर क्रोमियमही. बेसाल्टमध्ये लोह मुळातच भरपूर, त्यामुळे ते फारसं जाणवत नाही, पण अल्प प्रमाणातलं क्रोमियम मोजायचं असेल तर झिरकोनियाचे (झिरकोनियमचं ऑक्साइड, एक कठीण सिरॅमिक) गोळे आणि जार वापरा. झिरकोनियम मोजायचं असेल तर तेही नकोत. मग अगेट (अकीक दगड), हलकं असल्याने वेळ जास्त लागेल.