‘तिला वजन कमी करायला सांगू का?’ : एका प्रशिक्षकाचा प्रश्न

महाविद्यालयीन मुलींना क्रॉस कंट्री आणि ट्रॅकवरील लांब पल्ल्याच्या शर्यतींसाठी तयार करणारे प्रशिक्षक माझ्याकडे येतात, तेव्हा त्यांची चिंता बहुधा एकाच स्वरूपाची असते. पहिल्या वर्षी उत्तम धावणारी मुलगी दुसऱ्या वर्षी मंदावते, सराव वाढवला तरी तिची वेळ सुधारत नाही, आणि मग तिच्याशी वजनाबद्दल बोलावे का, असा प्रश्न त्यांना पडतो. अशाच एका प्रशिक्षकाचा अनुभव येथे सांगत आहे. प्रशिक्षक आणि धावपटू या दोघांची संमती घेतली आहे आणि ओळख पटेल असा तपशील बदलला आहे.

हे प्रशिक्षक अनुभवी होते आणि मुलींबद्दल त्यांना मनापासून आस्था होती. त्यांची एकोणीस वर्षांची धावपटू पाच हजार मीटर धावत असे. पहिले वर्ष संपल्यानंतरच्या सुट्टीत तिचे वजन बरेच उतरले होते आणि दुसऱ्या वर्षीच्या पहिल्या काही शर्यतींत ती पूर्वीपेक्षा वेगाने धावली होती. त्यानंतर मात्र उतार सुरू झाला. इंटरव्हलच्या, म्हणजे मध्ये थोडी विश्रांती घेत वेगाने धावायच्या सरावाच्या, शेवटच्या फेऱ्यांत ती मागे पडू लागली, सर्दी-खोकला वारंवार होऊ लागला, ती चिडचिडी झाली, आणि नडगीच्या एका ठरावीक जागी दुखत असूनही ती सुट्टीच्या दिवशी स्वतःहून जास्तीचे किलोमीटर धावत होती. ‘मॅडम, वजन उतरले तेव्हा तिचे टायमिंग सुधारले होते. आता वजन पुन्हा वाढू लागले असेल, तर तिला तसे सांगायला हवे ना?’ असे त्यांनी विचारले.

मी त्यांना उलट विचारले की तिची मासिक पाळी नियमित येते का. ते गप्प झाले आणि काही वेळाने म्हणाले, ‘मी पुरुष आहे. हे मी तिला कसे विचारणार?’ त्यांचा संकोच खरा होता आणि त्यामागे मुलींच्या खासगीपणाचा आदर होता. तरीही या संकोचामुळेच त्यांना सर्वांत महत्त्वाची माहिती मिळत नव्हती. पाळी सुरू झालेल्या मुलीची पाळी सलग तीन महिने आली नाही, किंवा पंधराव्या वर्षापर्यंत ती सुरूच झाली नाही, तर वैद्यकीय तपासणी आवश्यक ठरते. धावपटूंमध्ये मात्र पाळी थांबणे हे सराव उत्तम चालल्याचे चिन्ह आहे, असा समज अजूनही आढळतो. मला हा समज फार घातक वाटतो, कारण तो धोक्याच्या सूचनेलाच यशाची खूण ठरवतो.

शरीरात काय घडते ते मी त्यांना आकड्यांत मांडून दाखवले. समजा, मुलीचे वजन ५० किलो आहे आणि त्यातील चरबी वगळता उरलेले वस्तुमान ४० किलो आहे. धावताना दर किलोमीटरला शरीराच्या प्रत्येक किलोमागे साधारण १ किलोकॅलरी खर्च होते, म्हणजे १२ किलोमीटरच्या सरावासाठी सुमारे ६०० किलोकॅलरी लागतात. हा खर्च वजा केल्यावर शरीराच्या इतर कामांसाठी चरबीविरहित वस्तुमानाच्या प्रत्येक किलोमागे सुमारे ४५ किलोकॅलरी उरणे योग्य मानले जाते. या मुलीच्या बाबतीत ती गरज १८०० होते, म्हणजे तिच्या दिवसभराच्या आहारातून सुमारे २४०० किलोकॅलरी मिळायला हव्यात. तिने १७०० च घेतल्या, तर सरावानंतर ११०० उरतात आणि हे प्रमाण किलोमागे २७.५ वर येते. ३० च्या खाली गेलेले प्रमाण बराच काळ टिकले, तर संप्रेरकांची व्यवस्था बिघडण्याचा धोका असतो, जरी ही सीमा प्रत्येकीत थोडी वेगळी असली तरी. मेंदूतील हायपोथॅलॅमसकडून अंडाशयांकडे जाणारे संदेश मंदावतात, इस्ट्रोजेन घटते, पाळी लांबते किंवा थांबते, आणि ज्या वयात हाडे सर्वाधिक मजबूत व्हायला हवीत त्याच वयात त्यांची झीज सुरू होते. मुलगी अगदी बारीक दिसलीच पाहिजे असेही नाही, कारण शरीर आपला खर्च कमी करून वजन स्थिर ठेवू शकते. म्हणूनच वजनकाट्यावरून या त्रासाचा भरवशाचा अंदाज येत नाही.

‘मुलांच्या संघात मला हे कधी दिसले नाही,’ असे ते म्हणाले. अपुऱ्या ऊर्जेचा हा त्रास मुलांनाही होतो. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीच्या तज्ज्ञांनी २०१४ मध्ये स्त्री खेळाडूंपुरती मर्यादित असलेली जुनी संकल्पना व्यापक केली, तिला ‘खेळातील सापेक्ष ऊर्जान्यूनता’ या अर्थाचे नाव दिले आणि पुरुषांचाही तिच्यात समावेश केला. मुलांमध्ये पाळीसारखी ठळक खूण नसते, एवढेच. शिवाय लांब पल्ल्याच्या प्रशिक्षणाची बरीचशी परंपरा पुरुषांच्या अनुभवावर उभी आहे, हेही मी त्यांच्या लक्षात आणून दिले. स्त्रियांची ८०० मीटरची शर्यत १९२८ च्या ऑलिंपिकनंतर वगळली गेली आणि थेट १९६० मध्ये परतली. त्यांना १५०० मीटर १९७२ मध्ये, मॅरेथॉन १९८४ मध्ये, दहा हजार मीटर १९८८ मध्ये आणि पाच हजार मीटर १९९६ मध्ये मिळाली. आज शिकवणाऱ्या अनेकांचे गुरू मुलांनाच शिकवत होते. मुलग्यांमध्ये त्या वयात टेस्टोस्टेरॉनमुळे स्नायू आणि वेग वाढत जातो, तर अनेक मुलींच्या वेळा शरीर प्रौढ होत असताना काही काळ स्थिरावतात. प्रशिक्षकाने धीर धरला, तर पुढच्या वर्षांत त्या पुन्हा सुधारू शकतात. ही स्थिर अवस्था वजन उतरवून ओलांडण्याचा प्रयत्न झाला की खरा त्रास सुरू होतो.

वजन उतरल्यावर आलेला तो सुरुवातीचा वेग त्यांना सारखा आठवत होता. तो खोटा नव्हता. काही आठवडे शरीर जुन्या साठ्यावर धावू शकते, पण पुढे त्याची किंमत मोजावी लागते. मेरी केन ही अमेरिकी धावपटू २०१३ मध्ये सतराव्या वर्षी जागतिक स्पर्धेतील १५०० मीटरची अंतिम फेरी धावली होती. वजन कमी करण्याच्या दबावाखाली आपली पाळी तीन वर्षे थांबली आणि पाच हाडे मोडली, असे तिने २०१९ मध्ये जाहीरपणे सांगितले. एवढी गुणवत्ता असलेल्या मुलीचेही असे होऊ शकते, हे ऐकून प्रशिक्षक विचारात पडले.

त्यानंतर मी मुलीला स्वतंत्रपणे भेटले. तिची पाळी सात महिने थांबली होती आणि तिला त्याची सोयच वाटली होती. मागच्या वर्षी सरांनी संपूर्ण संघासमोर ‘आता तू खरी धावपटू दिसतेस’ असे कौतुक केले होते. सरांना ते वाक्य आठवतही नव्हते. तिला मात्र ते तारखेसह आठवत होते, आणि तेव्हापासून ती जेवणातील कर्बोदके कमी करत गेली होती. तपासणीत डॉक्टरांनी आधी गर्भधारणा, थायरॉइड आणि प्रोलॅक्टिन (दूध तयार होण्याशी संबंधित संप्रेरक) यांच्याशी संबंधित कारणे वगळली. फेरिटिन, म्हणजे शरीरातील लोहाचा साठा, कमी निघाला आणि एमआरआयमध्ये नडगीच्या हाडावर ताणामुळे झालेली इजा दिसली. पाळी ‘परत आणण्यासाठी’ गर्भनिरोधक गोळ्या घेऊ का, असे तिने विचारले होते. गोळ्यांमुळे होणारा रक्तस्राव म्हणजे शरीराची स्वतःची पाळी परतणे नव्हे. त्यामुळे मूळ त्रास झाकला जातो आणि हाडांना अपेक्षित संरक्षणही मिळत नाही, हे स्त्रीरोगतज्ज्ञांनी तिला नीट समजावले. उपचाराचा गाभा होता पुरेसे आणि वेळेवर खाणे, आणि हाड भरून येईपर्यंत धावणे थांबवणे.

प्रशिक्षकांना मी सांगितले की तिच्याशी एकांतात, पण अवघडल्यासारखे होणार नाही अशा ठिकाणी बोला, आणि बोलण्याची सुरुवात वेळेपासून किंवा वजनापासून करू नका. ‘तू बऱ्याच दिवसांपासून थकलेली दिसतेस आणि मला तुझी काळजी वाटते. संघातली तुझी जागा कुठेही जात नाही,’ एवढे पुरेसे आहे. तिने काय आणि किती खावे हे आहारतज्ज्ञाने सांगावे. खाण्याविषयी भीती, लपवाछपवी किंवा अपराधीपणा दिसला, तर खाण्याच्या विकारांवर काम करणाऱ्या मानसोपचारतज्ज्ञाकडे तिला पाठवावे. प्रशिक्षकाने ती भूमिका स्वतःकडे घेऊ नये. ते तसे बोलले आणि ती रडली. सर संघातून काढतील, ही तिची सर्वांत मोठी भीती होती. त्यांनी तिला दुखापतीच्या काळात मार्गाची पाहणी आणि शर्यतीतील टप्प्यांच्या वेळा नोंदवण्याचे काम दिले, त्यामुळे ती संघातच राहिली.

सुधारणा सरळ रेषेत झाली नाही. अपुऱ्या आहाराची भरपाई काही दिवसांत ते आठवड्यांत सुरू होते, पाळी परतायला कित्येक महिने लागतात, आणि हाडांची घनता सुधारायला वर्षे लागू शकतात. तिची पाळी पुढच्या हंगामाच्या आधी परतली. वजन वाढत असताना तिने दोनदा पुन्हा जेवण कमी केले, दोन्ही वेळा तिने ते स्वतःच सांगितले, आणि सांगू शकली हीच मला मोठी प्रगती वाटली. तिच्या वेळा अजून पूर्वीच्या सर्वोत्तम वेळेला पोहोचलेल्या नाहीत, मात्र शेवटच्या फेरीत ती आता मागे पडत नाही.

शेवटच्या भेटीत प्रशिक्षकांनी बाकीच्या मुलींबद्दल विचारले, कारण संघातील सर्वांत वेगवान मुलगी कमी खाते हे दिसले की इतर तिचे अनुकरण करतात. हंगामाच्या सुरुवातीला प्रत्येक मुलीने पाळी, जुन्या दुखापती आणि आहार यांविषयीची प्रश्नावली थेट संघाच्या डॉक्टरांकडे भरून द्यावी, असे आम्ही ठरवले. त्यामुळे प्रशिक्षकांना एकेकीला विचारावे लागत नाही आणि कोणीही वगळली जात नाही. संघाची सामूहिक वजननोंद त्यांनी बंद केली आणि कोणाच्याही शरीराबद्दल, कौतुकाने असो वा टीकेने, सर्वांसमोर बोलायचे नाही हे सहायक प्रशिक्षकांनाही सांगितले. पहिल्याच बैठकीत त्यांनी स्वतः संघासमोर उभे राहून सांगितले, ‘पाळी थांबली तर दुखऱ्या नडगीइतक्याच सहजपणे आम्हाला कळवा. मला सांगायला नको वाटले, तर डॉक्टरांना सांगा.’ त्याच आठवड्यात दोन मुलींनी डॉक्टरांची वेळ घेतली.