मी मेळघाटात काम केलंय. एमएसडब्ल्यू (समाजकार्यातली पदव्युत्तर पदवी) करून कॅनडातल्या आदिवासी समाजाच्या मानसिक आरोग्य व कुटुंबसेवांमध्ये नेतृत्वपदापर्यंत पोहोचता येतं का? किती वर्षं लागतात?

नोकरी मिळेल. नेतृत्वपदाचं मात्र वर्षांच्या हिशेबात सांगता येणार नाही. मी कॅनडाच्या मॅनिटोबा प्रांतात नऊ वर्षं हेच काम करतोय आणि अजून कुणाचाही साहेब नाही. पहिली तीन वर्षं ते खुपायचं, खोटं कशाला बोलू?

आधी माझी फजिती सांगतो. पहिल्या वर्षी एका गृहभेटीला गेलो. दोन खोल्या, त्यात आजी, तिच्या दोन मुली आणि पाच नातवंडं. अहवालात धोक्याच्या रकान्यात मी लिहिलं, 'घरात दाटी, मुलांना झोपायला स्वतंत्र जागा नाही.' आमच्या ऑफिसात सल्लागार म्हणून क्री या आदिवासी समाजातल्या एक आजीबाई आहेत, सगळे त्यांना 'कोकम' म्हणतात. (सोलकढीतलं नव्हे, क्री भाषेत आजीला कोकम म्हणतात.) त्यांनी अहवाल वाचला आणि एवढंच विचारलं, "तू लहानपणी कुठे झोपायचास?"

गिरगावात, चाळीतल्या दहा बाय बाराच्या खोलीत, नऊ माणसांत, काकाच्या कॉटखाली. रकाना खोडला.

तो रकाना साधा वाटतो, पण अशाच नोंदींवरून तिथं पिढ्यानपिढ्या मुलं उचलली गेली. आदिवासी मुलांना घरापासून, भाषेपासून तोडणाऱ्या निवासी शाळांत दीड लाखाच्या आसपास मुलं घातली गेली. शेवटची शाळा बंद व्हायला १९९०चं दशक उजाडलं. मधल्या काळात, १९६०च्या दशकापासून, हजारो मुलं गोऱ्या कुटुंबांत दत्तक दिली गेली. २०२१च्या जनगणनेत १५ वर्षांखालच्या मुलांपैकी आदिवासी मुलं ७.७ टक्के, पण सरकारी देखरेखीखाली परक्या घरांत वाढणाऱ्यांत त्यांचं प्रमाण ५३.८ टक्के. मॅनिटोबात तर २०२०पर्यंत बाई बाळंत होण्याआधीच बालकल्याण संस्थेकडून इस्पितळाला 'लक्ष ठेवा' असा निरोप जाऊ शकायचा. अशा गावात तुम्ही 'सोशल वर्कर' म्हणून गाडीतून उतरलात की लोकांना फौजदार आल्यासारखंच वाटतं. तुमची पदवी टाटाची असो की टोरांटोची.

आता नेतृत्वाचं. ते तिथं आधीपासून आहे, आणि चांगलं खमकं आहे. ब्रिटिश कोलंबिया प्रांतातल्या स्प्लॅटसिन या छोट्या आदिवासी समाजानं १९८० साली मुलांच्या संगोपनाचा स्वतःचाच कायदा केला. प्रमुख होते वेन ख्रिश्चन; ते स्वतः लहानपणी घरातून काढून परक्यांकडे ठेवले गेलेले. लोकांनी व्हँकुव्हरपर्यंत मोर्चा नेला, थेट मंत्रीणबाईंच्या दारात, आणि मान्यता मिळवली. पुढे २०१९मध्ये देशपातळीवर कायदा झाला, आणि मुलांविषयीचे निर्णय घेण्याचा आदिवासी समाजांचा अधिकार मानणारा तो कायदा सर्वोच्च न्यायालयानं २०२४मध्ये उचलून धरला.

"यात मानसिक आरोग्य कुठं आलं?" असं तुम्ही म्हणाल. मीही म्हणायचो. मग चँडलर आणि लालोंड या मानसशास्त्रज्ञांचा १९९८चा अभ्यास वाचला. त्यांनी ब्रिटिश कोलंबियातल्या जवळपास दोनशे आदिवासी समाजांमधल्या तरुणांच्या आत्महत्या पाहिल्या. काही ठिकाणी दर भयंकर, तर काही ठिकाणी सहा वर्षांत एकही नाही. स्वशासन, जमिनीच्या हक्कासाठीचा लढा, शाळा, आरोग्यसेवा, पोलीस-अग्निशमन आणि सांस्कृतिक केंद्र, यांतल्या जितक्या गोष्टी समाजाच्या स्वतःच्या हातात, तितका दर कमी. यातून कारण-परिणाम सिद्ध होतो असं कुणी म्हणू नये. तरी ते वाचल्यापासून शाळा समितीची बैठक मला समुपदेशनाच्या सत्राइतकीच महत्त्वाची वाटते. आमच्या एमएसडब्ल्यूच्या अभ्यासक्रमात याचा उल्लेखही नव्हता.

व्यवहाराचं थोडक्यात: पदवीचं मूल्यमापन करून घ्या. मॅनिटोबात नोंदणीशिवाय स्वतःला 'सोशल वर्कर' म्हणवता येत नाही. मेळघाटात काम केलंय म्हणता, ते जरूर सांगा, पण 'आमच्याकडेही आदिवासी आहेत' अशी सुरुवात नको. मी केली होती, कुणाला आवडली नाही. ज्येष्ठांचा सल्ला हवा असेल तर आधी हातात तंबाखू (तिथं ती पवित्र मानतात) देऊन विचारायचं असतं. व्यसनमुक्तीच्या कामातून आलेल्या माणसाला हे जरा जड जातं. चहाला बसलात तर घड्याळ पाहू नका.

आणि अनुदानाचे अहवाल नीट लिहायला शिका. माझा सगळ्यात जास्त उपयोग तिथंच झाला. ऑफिसात एक मुलगी फोन घ्यायला लागली होती, स्वतः चार परक्या घरांत वाढलेली. तिला बजेट, ऑडिट, ओटावातल्या केंद्र सरकारशी पत्रव्यवहार असं सगळं दोन हिवाळे बसून शिकवलं. बायकांना कसं बोलतं करायचं ते मी तिच्याकडून शिकलो. आज ती संचालक आहे. गणपतीची रजा यंदा तिच्याकडेच मागितली.

"दीड दिवस की पाच?" तिनं विचारलं.